झाडीखाली दडलेली जुनी दरड नकाशात कशी दिसते?

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता असतानाच शोधकार्य थांबवावं लागलं. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असं सरकारने विधानसभेत सांगितलं. अशा याद्या अधिक अचूक करण्याचा एक मार्ग म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा.

हा नकाशा काय दाखवतो?

जमिनीचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकाची उंची आकड्यात नोंदवलेली असते. संगणकाने त्यावर एका बाजूने प्रकाश टाकला की उठाव स्पष्ट होतो. सह्याद्रीत लाव्हाच्या थरांच्या पायऱ्या दिसतात. खडकातल्या मोठ्या भेगांवर कोरल्या गेलेल्या दऱ्या सरळ रेषेत धावतात. जुनी दरडही ओळखू येते: वर अर्धगोल खाच, खाली उंचसखल ढिगारा.

अडचण कुठे आहे?

चौकोनाच्या आकारात. फेब्रुवारी २०००मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने ११ दिवसांत जगातल्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची रडारने मोजली. ही माहिती मोफत मिळते, पण तिचा चौकोन सुमारे ३० मीटरचा. लहान दरडीची खूण त्यात हरवते. दाट जंगलात तर जमिनीऐवजी झाडांचीच उंची मोजली जाते.

यावर उपाय आहे लायडार. विमानातून सोडलेल्या लेझर किरणांपैकी काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात. मग संगणक झाडं वगळून उघडी जमीन दाखवतो.

अमेरिकेने काय केलं?

२२ मार्च २०१४ला वॉशिंग्टन राज्यात ओसो इथे दरड कोसळून ४३ जण दगावले. त्याच खोऱ्यातल्या जुन्या, मोठ्या दरडींच्या खुणा लायडारमध्ये स्पष्ट दिसत होत्या. २०१५मध्ये राज्याने कायदाच केला आणि लायडारच्या मदतीने दरडींचे नकाशे करण्याचं काम आपल्या भूगर्भ विभागाकडे सोपवलं.

भारतात काय?

२०२२च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३०पर्यंत संपूर्ण देशाचा उंचीचा नकाशा तयार करण्याचं उद्दिष्ट आहे. डोंगराळ भागासाठी १ ते ३ मीटरची अचूकता ठरवली आहे.

अर्थात, नकाशा आकार दाखवतो. खडक किती झिजलाय, पाणी कुठे मुरतंय हे सांगत नाही. पहिल्यांदाच कोसळणाऱ्या उताराची जुनी खूणही नसते. त्यासाठी भूवैज्ञानिकाला डोंगर चढावाच लागतो. पण शेकडो वाड्यांपैकी आधी कुठे जायचं, हे पावसाळ्यापूर्वी ठरवायला असा नकाशा उपयोगी पडतो.