मुक्या माराचा हिशेब

नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा, अहमदपूर किंवा चाकूरजवळ दुचाकी घसरते, डोके आपटते, क्षणभर शुद्ध हरपते. रुग्णालयात सीटी स्कॅन होते, त्यात काही आढळत नाही आणि रुग्ण घरी परततो. सर्वांच्या लेखी प्रकरण तेथे मिटते. वास्तविक कित्येकांचे दुखणे तेथूनच सुरू होते. डोके ठणकणे, भोवळ येणे, उजेड व गोंगाट न सोसणे, झोप मोडणे, वाचलेले ध्यानात न राहणे ही त्याची लक्षणे. अशा हादऱ्याने बहुधा मेंदूच्या रचनेत नव्हे, तर कार्यात बिघाड होतो; म्हणून तो छायाचित्रात उमटत नाही. बहुतेक जण काही आठवड्यांत पूर्ववत होतात. काहींचे दुखणे मात्र तीन महिन्यांपलीकडेही रेंगाळते.

अशा दुखण्याला समाजात पत नाही. हात प्लास्टरमध्ये असला की रजेचा अर्ज विनातक्रार मंजूर होतो. डोक्यातला मुका मार मात्र कामचुकारपणा ठरतो. लातूरला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला तर सहानुभूतीऐवजी आळसाचा आरोप येतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की, शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि अर्थार्जनक्षमतेतील घट या दोन भिन्न गोष्टी होत. डावा हात गमावलेल्या वाहनचालकाची वा सुताराची उपजीविकाच बुडू शकते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. हेच तत्त्व उलट बाजूने लावून पाहावे. ज्याचे भांडवलच एकाग्रता व स्मरण हे आहे, त्या कारकुनाला, शिक्षकाला, विद्यार्थ्याला कागदोपत्री शून्य ठरणारा मुका मारच सर्वांत महाग पडतो.

अपघातग्रस्तांसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये सुरू केलेली रोकडविरहित उपचार योजना स्वागतार्ह आहे. तिची मर्यादा मात्र सात दिवस व दीड लाख रुपये. जीव वाचविण्यासाठी ती योग्यच. परंतु आठव्या दिवसापासून बुडणारा रोजगार व हुकणारी परीक्षा यांचा भार कुटुंबावरच पडतो.

खोट्या अर्जांचे पेव फुटेल, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. पण त्यावर उपाय अविश्वास नव्हे, तर नोंद हा आहे. रुग्णाला घरी सोडताना फेरतपासणीची तारीख लिहून द्यावी. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी तिच्यासाठी आठवड्याचा एक दिवस राखावा. शिवाय आजचे वैद्यकशास्त्र महिनोन्‌महिने अंधाऱ्या खोलीत पडून राहा असे सांगत नाही. एक-दोन दिवस विसावा, नंतर लक्षणे फार बळावणार नाहीत अशा बेताने चालणे, वाचणे व काम वाढवीत नेणे, हाच मार्ग आहे. तेव्हा मागणी दीर्घ रजेची नाही. काही आठवडे अर्ध्या दिवसाच्या कामाची आणि परीक्षेत थोड्या अधिक वेळेची आहे. एवढी सवलत नाकारून अर्धबरा माणूस पूर्ण कामास जुंपणे, ही काटकसर नव्हे. तो तोट्याचाच व्यवहार आहे.