मामांचा लॅपटॉप मागे फिरतो

तळेगाव म्हटले की पुण्याची माणसे लोणावळ्याची गाडी पकडतात. ते तळेगाव दाभाडे. आमच्या मामांचे तळेगाव ढमढेरे. त्यासाठी नेमका उलट्या दिशेचा नगर रस्ता धरावा लागतो आणि वाघोली, कोरेगाव भीमा, सणसवाडी करीत शिक्रापूरला आत वळावे लागते. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण मामेबहिणीच्या लग्नाला आमचे निम्मे स्नेही भलत्याच तळेगावी उतरले होते.

२०२५ च्या गणेश चतुर्थीला, म्हणजे २७ ऑगस्टला, आम्ही सहकुटुंब मामांकडे गेलो. आरती झाली, मोदक झाले आणि पोट भरल्यावर माणसाला परोपकार सुचतो तसा तो अस्मादिकांनाही सुचला. मामांच्या लॅपटॉपवर विंडोज १० होते. २०१५ सालचे ते. मी म्हणालो, "मामा, १४ ऑक्टोबरनंतर याची मोफत डागडुजी बंद होणार. विंडोज ११ घ्या. पैसे पडत नाहीत."

"अरे बाळू, पण माझे चालले आहे ना?" मामा म्हणाले.

मामा आयुष्यभर शाळामास्तर. चालत्या गाड्याला खीळ घालू नये हे त्यांना कळत होते, पण पुण्याहून आलेल्या भाच्याला नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. मी बटण दाबले. तासा-दीड तासाने यंत्र नवे कपडे घालून उभे राहिले. कडा गोल झाल्या होत्या, डावीकडची चिन्हे मधोमध सरकली होती. "छान आहे," मामा म्हणाले. दुसऱ्याच्या सुनेची साडी पाहून म्हणतात तसे.

५ सप्टेंबरला रात्री फोन आला. मामा फोनवर कधीच लांबण लावत नाहीत.

"बाळू, तुझ्या मामीच्या ओव्या दिसत नाहीत रे."

आता या ओव्यांविषयी सांगायला हवे. मामी जात्यावर दळत मोठ्या झाल्या. गिरणी आली, जाते परसात गेले, पण ओव्या डोक्यात राहिल्या. मामांनी निवृत्तीनंतर त्या टिपायला घेतल्या. गंमत अशी, की मामींना नुसते बसून ओवी आठवत नसे. समोर जात्याचा खुंटा आहे असे धरून त्या उजवा हात हवेत गरगर फिरवीत, मग ओवी येई, आणि मामा एका बोटाने ती टंकीत. चार वर्षांत हजारभर ओव्या झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्या लाखात आमच्या मामी नाहीत. त्या फक्त या लॅपटॉपात होत्या. कागदावर एक ओळ नव्हती, आणि मामींना जाऊन दीड वर्ष झाले होते.

मामा जुन्या पद्धतीच्या मराठी टंकनाचा प्रोग्रॅम वापरीत. त्या पद्धतीत यंत्राला मराठी येतच नसे. इंग्रजी अक्षराच्या जागी आपल्या 'क'चे चित्र बसवलेले, एवढाच तो व्यवहार. चित्रे जागेवर असली तर मराठी, नसली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोडची व्यवस्था १९९१ पासून आहे, आणि विंडोजबरोबर घरोघर गेलेला 'मंगल' हा देवनागरी टंक तर आपल्या र. कृ. जोशींनी रेखलेला. पण मामांची बोटे जुन्या कळफलकावर बसली होती, ती कोण उठवणार? त्यात त्या प्रोग्रॅमला एक किल्ली होती. यंत्राच्या खाचेत खुपसायची, बोटाएवढी. नव्या व्यवस्थेत ती किल्ली ओळखली जाईना, आणि किल्लीवाचून प्रोग्रॅम उघडेना. तो पुन्हा घालावा तर त्याची तबकडी केव्हाच हरवलेली. असती तरी या लॅपटॉपला तबकडीचे तोंडच नाही.

एका दुकानदाराने मामांना सल्ला दिला होता, "फॉरमॅट मारून टाकू, काका." मामांनी 'मारून' हा शब्द ऐकूनच यंत्र काखोटीला मारले होते.

मी रात्री वाचत बसलो तेव्हा कळले, की विंडोज ११ वर गेल्यावर जुनी व्यवस्था लगेच फेकली जात नाही. ती 'विंडोज.ओल्ड' नावाच्या कप्प्यात ठेवलेली असते आणि सेटिंग्जमध्ये, रिकव्हरीच्या खाली, 'गो बॅक' असे एक बटण असते. मुदत दहा दिवसांची. मग यंत्र तो कप्पा आपणहून साफ करते. मी बोटांवर मोजले. चतुर्थीला चढवले, उद्या अनंत चतुर्दशी. गणपतीबरोबरच मामींचेही विसर्जन व्हायचे होते.

पहाटेच निघालो. नगर रस्त्याच्या गर्दीविषयी लिहीत नाही, संपादकांनी मला मोजकीच पाने दिली आहेत. पोहोचलो तो अकरा वाजले होते. बटण होते! पण ते यंत्र मोठे आतिथ्यशील. लवकर का निघालात, असे त्याने विचारले. एखादी नवी दुरुस्ती घालून बघता का, असे सुचवले. मधल्या दिवसांत घातलेले प्रोग्रॅम जातील असे बजावले. शेवटी म्हणाले, जुना पासवर्ड लक्षात आहे ना? नाहीतर आत येता येणार नाही.

"मामा, पासवर्ड काय होता?"

मामा गप्प. मी पुन्हा विचारले. तेव्हा ते म्हणाले, "तू पुढे चल. वेळ आली की मी घालतो."

मागे फिरण्याचे काम सुरू झाले आणि दहा मिनिटांत वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी म्हाताऱ्याच्या दमासारखी. घरात इन्व्हर्टर होता, पण तोही वयस्क. मामांनी एकेक करून सगळे पंखे, सगळे दिवे बंद केले, अगदी गणपतीपुढची रंगीत माळसुद्धा, आणि सगळी वीज त्या एका यंत्राला ठेवली. आम्ही दोघे घामाघूम होऊन पडद्यावरचे गोल फिरणारे ठिपके बघत बसलो. यंत्र बंद करू नका, असे त्यावर लिहिले होते. बाहेर कुठल्याशा मंडळाचे ढोल घुमू लागले होते. मी आयुष्यात इतक्या मनापासून 'गणपती बाप्पा मोरया' म्हटलेले नाही, आणि तेही मनातल्या मनात.

पाऊण तासाने पासवर्डाची चौकट आली. मामांनी मला बाजूला सारले आणि एकेक कळ दाबली. पडद्यावर ठिपकेच उमटतात, पण बोट कुठे जाते ते दिसायचे ते दिसले. ते मामींचे माहेरचे नाव होते. पंचावन्न वर्षांच्या संसारात मामांनी ते चारचौघांत कधी उच्चारले नव्हते.

ओव्या होत्या. सगळ्या.

मामांनी पहिले पान वर-खाली केले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "जेवायला वाढू का?"

१४ ऑक्टोबर उजाडला तेव्हा विंडोज १० ची मोफत डागडुजी ठरल्याप्रमाणे थांबली. जादा मुदत घेणारांची गोष्ट निराळी. डागडुजीवाचूनचे यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे, तेव्हा मामांनी लॅपटॉपचा जगाशी संबंधच तोडला. आता तो फक्त ओव्यांचा लॅपटॉप आहे. नात सुट्टीच्या दिवशी आपला नवा लॅपटॉप शेजारी मांडते, मामा वाचतात आणि ती युनिकोडमध्ये उतरवते. चारशेच्या वर झाल्या आहेत. मध्येच मामा अडतात. टंकताना शब्द चुकला, हे त्यांना कळते, पण मूळ शब्द आठवत नाही. मग त्यांचा उजवा हात टेबलाच्या वर गरगर फिरू लागतो. नात कळफलकावर बोटे ठेवून थांबून राहते.

मला तिकडे जायला बंदी नाही. पण परवा मी त्या टेबलाजवळून नुसता गेलो, तर मामांनी बोलता बोलता लॅपटॉपचे झाकण मिटले.