शेजारधर्माला शिस्तीची जोड

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली, तेव्हा त्याच्या पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा व स्फोटके आणि कापसाच्या हजारो गाठी होत्या. जहाजातून धूर निघत असल्याचे आसपासच्या काही लोकांना दुपारी साडेबाराच्या सुमारासच दिसले होते; परंतु बोंब कोणी ठोकली नाही. खुद्द जहाजावरील लोकांना आगीचा सुगावा लागला तो दीडनंतर. पुढे चार वाजून गेल्यावर एकामागून एक असे दोन प्रचंड स्फोट झाले, आणि शेवटच्या क्षणापर्यंत पाण्याचा मारा करीत उभे राहिलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यांत कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळण्यात येतो. पुष्पचक्रे अर्पण होतात, शिड्यांवरच्या कवायती होतात, भाषणे होतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्या दिवसाची एक शिकवण आपण सोयीस्करपणे विसरतो. ती त्या शूर जवानांविषयीची नव्हे. धूर दिसूनही आपल्याला काही करावयाचे आहे हे ज्यांना कळले नाही, त्या सामान्य माणसांविषयीची आहे.

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण दुसऱ्याच्या ढिसाळपणाला हसण्यासाठी वापरतो. वास्तविक कोणत्याही मोठ्या शहराची ती रोजची स्थिती आहे. बंब कितीही तत्परतेने निघाला, तरी त्याला रस्त्यावरील वाहनांतून वाट काढावी लागते, गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या मोटारी हटवाव्या लागतात आणि नंतर पाण्याची सोय पाहावी लागते. आगीतील धूर मात्र इतका वेळ थांबत नाही. बंद खोलीत तो काही मिनिटांतच माणसाला बेशुद्ध करतो. हृदयक्रिया एकाएकी बंद पडलेल्या माणसाची गोष्टही अशीच आहे. छातीवर दाब देण्याची क्रिया सुरू झाली नाही, तर दर मिनिटाला त्याची जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. महाराष्ट्रात २०१४ साली '१०८' क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, ही मोठीच सुधारणा होती. तथापि गाड्या कितीही वाढविल्या, तरी चौथ्या मिनिटाला प्रत्येक दारात गाडी उभी करणे कोणत्याही सरकारच्या आवाक्यातले नाही. पहिली दहा मिनिटे सरकारची नसतात. ती शेजाऱ्याची असतात. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की त्या दहा मिनिटांत काय करावे हे या शेजाऱ्याला ठाऊक आहे काय?

शेजाऱ्याच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. २६ जुलै २००५ च्या जलप्रलयात मुंबईकरांनी अनोळखी माणसांना घरात घेतले. ११ जुलै २००६ रोजी लोकल गाड्यांत स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतील लोक घरातल्या चादरी घेऊन धावले आणि जखमींना त्यांत घालून त्यांनी इस्पितळांत पोहोचविले. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जीव गेले, ते मुख्यतः धुरात गुदमरून. त्याही रात्री आवारातील सुरक्षारक्षकांनी अनेकांना वाट दाखवून बाहेर काढले. हे औदार्य खरे आहे आणि त्याचा अभिमान बाळगणेही योग्य आहे. परंतु औदार्य म्हणजे कौशल्य नव्हे. अपघातात मणक्याला इजा झालेल्या माणसाला चौघांनी हातापायांना धरून रिक्षात कोंबले, तर वाचणारा माणूस जन्माचा पांगळा होऊ शकतो. पेटलेल्या तेलाच्या कढईत पाणी ओतले, तर ज्वाळा छताला भिडतात. झाकण ठेवले, तर त्या विझतात. धुराने भरलेल्या जिन्यात नाकाला रुमाल बांधून शिरणारा तरुण बहुधा कोणाला बाहेर काढीत नाही. त्यालाच बाहेर काढण्याचे काम जवानांना वाढते. शिक्षण नसलेल्या सद्भावनेची गर्दी होते. शिक्षण मिळालेल्या सद्भावनेचे दल होते.

हे दल कसे उभे करावयाचे, याचे धडे इतरत्र घालून दिलेले आहेत. जर्मनीत अग्निशमनाचा बहुतांश भार स्वयंसेवकांवर आहे. त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. पगारी दले मुख्यतः मोठ्या शहरांत असतात, आणि तेथेही त्यांच्या जोडीला स्वयंसेवक असतात. तेथील सुतार, शिक्षक किंवा बँकेतील कारकून संध्याकाळी कवायतीला जातो. सुमारे सत्तर तासांचे प्राथमिक शिक्षण घेतल्यावरही तो पुरा जवान होत नाही. त्यापुढे सुमारे दोन वर्षे त्याला अनुभवी सहकाऱ्यांच्या हाताखाली शिकावे लागते. श्वसनयंत्र लावून धुरात शिरण्यासाठी वेगळे शिक्षण आणि वेगळी वैद्यकीय तपासणी. कामाच्या वेळी आगीची वर्दी आली, तर मालकाला त्यास सोडावे लागते, आणि बुडालेल्या वेळेच्या वेतनाची भरपाई नगरपालिका करते. तेथे सेवा ऐच्छिक आहे. शिस्त ऐच्छिक नाही.

जपानचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा आहे. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे परिसरात भूकंप झाला आणि सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. भूकंपाच्या केंद्राजवळच, आवाजी बेटावर, होकुदान नावाचे लहानसे गाव होते. तेथील घरेही पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे कोसळली. परंतु गावाच्या स्वयंसेवी अग्निदलाने आणि शेजाऱ्यांनी ढिगाऱ्याखालून सुमारे तीनशे माणसे काढली आणि त्याच दिवशी बेपत्त्यांचा हिशेब पुरा केला. त्यांच्यापाशी अवजड यंत्रे नव्हती. कोणत्या घरात किती माणसे राहतात आणि कोण कोणत्या खोलीत निजते हे मात्र त्यांना ठाऊक होते. त्यामुळे कोठे खणावयाचे याचा शोध त्यांना घ्यावा लागला नाही. हे ज्ञान कोणत्याही राजधानीहून पाठविता येत नाही. त्याच जपानमध्ये २०११ च्या सुनामीत मात्र अशाच अग्निदलांतील अडीचशेहून अधिक स्वयंसेवक मृत्युमुखी पडले वा बेपत्ता झाले. कित्येक जण समुद्राची दारे बंद करीत होते, कित्येक जण लोकांना उंचावर जाण्यास सांगत फिरत होते. स्वयंसेवकाला कामाला कधी लागावे हे शिकवावे लागते, तसेच माघार कधी घ्यावी हेही शिकवावे लागते, हा त्या बलिदानाचा कठोर धडा होय.

आपल्याकडे कायदे आणि संस्था यांची वाण नाही. गृहरक्षक दलाचा जन्म १९४६ साली याच मुंबईत झाला. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा आहे. २००९ च्या दुरुस्तीने नैसर्गिक व मानवी आपत्तीही त्याच्या कक्षेत आल्या. २०१६ पासून 'आपदा मित्र' योजनेखाली स्वयंसेवकांना शिक्षण देण्यात येत आहे. रस्त्यावरील जखमीला मदत करणारास पोलिसांचा ससेमिरा लागू नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली संरक्षण दिले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत व जुलैत द्यावा लागतो. परंतु किती सोसायट्यांतील रहिवाशांनी तो नळ आणि ती गुंडाळी स्वतःच्या हाताने एकदा तरी उलगडून पाहिली आहे? ७ मे २०२५ रोजी युद्धाच्या छायेत देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या, भोंगे वाजले. आपत्ती दाराशी आली की भोंगा वाजवावयाचा आणि ती टळली की तो पेटीत ठेवावयाचा, ही तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी रीत आहे. उणीव आहे ती सातत्याची.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. स्वयंसेवकांची स्तुती सुरू झाली, की पगारी जवानांच्या रिकाम्या जागा तशाच ठेवण्यास शासनाला आयतेच निमित्त मिळते. आमचे मत याबाबत स्पष्ट आहे. स्वयंसेवक हा जवानाचा पर्याय नव्हे. जवान पोहोचेपर्यंतचा तो पहारेकरी आहे. ज्या नगरपालिकेने आपल्या दलातील जागा भरलेल्या नाहीत, बंब आणि श्वसनयंत्रे सुस्थितीत ठेवलेली नाहीत, तिला नागरिकांकडून विनामूल्य सेवा मागण्याचा नैतिक अधिकार पोहोचत नाही. उलट सुसज्ज दलाच्या पाठीशी शिकलेले नागरिक उभे राहिले, तर जवानाचा जीवही अधिक सुरक्षित राहतो. कारण इमारतीत किती माणसे अडकली आहेत, गॅस आणि वीज बंद केली आहे की नाही, गच्चीची किल्ली कोणाकडे आहे, हे त्याला दारातच कळते.

यास्तव प्रत्येक अग्निशामक केंद्राला त्याच्या परिसरातील स्वयंसेवकांची एक तुकडी जोडून द्यावी. तिची नावनिशी केंद्रात असावी, शिक्षणाचे तास ठरलेले असावेत, आणि दरवर्षी उजळणी न करणाराचे प्रमाणपत्र रद्द व्हावे. तिच्या कामाच्या मर्यादा लेखी असाव्यात: माणसांना जिन्याने खाली आणणे, वाट मोकळी करणे, रक्तस्राव थांबविणे, छातीवर दाब देणे, माणसांची मोजदाद करणे, ही तिची कामे, धुरात शिरणे हे तिचे काम नव्हे. सेवेत इजा झाल्यास विमा, आणि नोकरदाराला शिक्षणासाठी पगारी रजा, ही शासनाची व मालकांची जबाबदारी होय. माणसे मिळतील काय, ही शंका या शहरात तरी शोभत नाही. जी गोविंदा पथके एका दिवसाच्या उत्सवासाठी आठवड्यामागून आठवडे सराव करतात, जी गणेशोत्सव मंडळे विसर्जनाच्या रात्री लाखोंची गर्दी सांभाळतात, त्यांच्या अंगी संघटना आहे, चपळाई आहे आणि आज्ञापालनही आहे. त्यांना कोणी हे काम रीतसर सांगितलेले नाही, इतकेच.

सुशिक्षित मध्यमवर्गाने मात्र हे काम मंडळांच्या पोरांचे म्हणून अंग काढून घेऊ नये. सोसायटीच्या सभेत रंगाच्या छटेवर दोन तास वाद घालणाऱ्यांना जिन्यातील अडगळ हटविण्यास दहा मिनिटे मिळू नयेत, हे भूषणावह नाही. गोदीतील ६६ जवानांनी आपले कर्तव्य केले. धूर प्रथम दिसेल त्या माणसानेही ते करावे, आणि त्यासाठी आधी शिकून घ्यावे. त्यांच्या स्मृतीला याहून मोलाचे पुष्पचक्र दुसरे नाही.