दरेकसापर्यंत पोहोचावे हे हसू

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, आमगाव, सालेकसा मागे टाकते आणि छत्तीसगडची सीमा येण्यापूर्वी दरेकसा हे छोटे स्थानक लागते. भोवती वनराई आणि जवळच कचारगडच्या गुहा. माघ पौर्णिमेला तेथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. मुंबई-पुण्यात मराठी चित्रपटाच्या नव्या बहराची चर्चा रंगते, तेव्हा राज्याच्या या पूर्व टोकाचा विचार कोणी करतो काय?

हा प्रश्न परेश मोकाशी यांच्या चित्रपटांचा विचार करताना प्रकर्षाने जाणवतो. रंगभूमीवर ‘मुक्काम पोस्ट बोंबिलवाडी’ गाजवून आलेल्या या लेखक-दिग्दर्शकाने ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’तून दादासाहेब फाळके यांची धडपड मांडली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून इंग्लंड गाठणारा आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणारा हा माणूस एरवी करुण चरित्राचा विषय झाला असता. मोकाशींनी त्याला हसतमुख दाखविले. स्वदेशी कलेचा ध्यास घेतलेले घर दैन्यातही किती आनंदी असू शकते, हे त्यातून उमगते. भारताने हाच चित्रपट ऑस्करसाठी पाठविला होता.

‘एलिझाबेथ एकादशी’ (2014) हे नाव ऐकून ज्यांच्या भुवया उंचावल्या, त्यांनीही तो अवश्य पाहावा. मधुगंधा कुलकर्णी यांच्या या कथेतील एलिझाबेथ म्हणजे दिवंगत वडिलांनी बनविलेली सायकल. ती विकली जाऊ नये म्हणून पंढरीच्या यात्रेत मुले बांगड्यांचे दुकान मांडतात. अभाव आहे, पण लाचारी नाही. श्रद्धा आणि विज्ञान येथे एकाच घरात सुखाने नांदतात.

पुढे 2023 मध्ये आलेल्या ‘वाळवी’त हाच दिग्दर्शक रहस्याकडे वळला. पत्नीचा खून आत्महत्या भासावा, असा कट रचणारा नवरा आणि त्याची प्रेयसी यांची ही कथा. प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी दचकतो. घर आतून पोखरणाऱ्या वासनेवर येथे प्रवचन नाही. पाप आपल्याच भाराने कोसळते. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या कृतीला लाभला. विनोद असो वा थरार, अश्लीलतेची कुबडी न घेता प्रेक्षकाच्या बुद्धीवर ठेवलेला विश्वास हेच मोकाशींचे खरे भांडवल आहे.

असा विश्वास ठेवण्याजोगा प्रेक्षक पूर्व विदर्भात नाही, असे कोण म्हणेल? गोंदिया जिल्हा ज्या झाडीपट्टीत येतो, तेथे धानाची कापणी आटोपली की मंडप पडतात आणि गावकरी तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात. याच रंगभूमीवरील विनोदी नट डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. रसिकता आहे, उणीव आहे ती पुरवठ्याची. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला सायंकाळची वेळ मिळावी, असा आग्रह शासनाने 2015 मध्ये धरला तो योग्यच. पण जेथे मल्टिप्लेक्सच नाही, तेथे त्या वेळेचा उपयोग काय?

एकेकाळी टुरिंग टॉकीजच्या तंबूंनी जत्रेजत्रेत सिनेमा पोहोचविला. आज शासनाने अनुदानाबरोबर तालुक्यातालुक्यांतील प्रदर्शनाचीही चिंता वाहावी. वाचनालये, शाळा, उत्सव मंडळे यांनी निर्मात्यांची रीतसर परवानगी घेऊन वर्षातून दोन-तीन तरी उत्तम मराठी चित्रपट गावात दाखवावेत. फाळक्यांनी घर पणाला लावून उभारलेली कला चार महानगरांत अडकून पडणे, हा त्यांच्या ध्यासाचा सन्मान नव्हे. दरेकसाच्या मुलाने पंढरपूरची ती सायकल पडद्यावर पाहिली, तर तीही त्याला आपलीच वाटेल.