शुभेच्छा फॉरवर्ड नकोत, फोन करा

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवसापासून देश घरात बसला. रामनवमी, ईस्टर, बाबासाहेबांची जयंती, सारे काही उंबऱ्याच्या आत साजरे झाले. रमजानचा पहिला रोजा २५ एप्रिलला होता आणि दुसऱ्याच दिवशी अक्षय्य तृतीया. एका घरात खजूर, शेजारच्या घरात आमरस. पण या घरची वाटी त्या घरी गेली नाही.

रमजान हा उपासनेचा महिना आहे, तसाच तो भेटीगाठींचाही आहे. असरच्या नमाजनंतर बाजारात उसळणारी गर्दी, मगरिबच्या अजानला एकाच दस्तरखानावर बसणारे ऑफिसातले सहकारी, तरावीह झाल्यावर चौकातल्या टपरीवर रात्री उशिरापर्यंत रंगणाऱ्या गप्पा. रोजा न धरणारा मित्रही 'आज इफ्तार कुणाकडे?' असे हक्काने विचारत असे. त्या वर्षी मशिदीत इमामसाहेब आणि मोजके सेवक सोडले तर कोणी नव्हते. तरावीह घरी, इफ्तारही घरच्यांबरोबरच.

घरी थांबण्याविषयी कोणाच्या मनात किंतु असण्याचे कारण नव्हते. साथ असलेल्या गावात जाऊ नका आणि आपण असलेल्या गावात साथ आली तर तिथून बाहेर पडू नका, ही पैगंबरांची शिकवण चौदाशे वर्षांपूर्वीची आहे. पावसाच्या आणि कडाक्याच्या थंडीच्या रात्री 'आपापल्या घरीच नमाज अदा करा' अशी हाक देण्याची सूचना त्यांनी मुअज्जिनला केल्याचे हदीसमध्ये येते. तेव्हा घरी राहणे हा त्या वर्षीच्या रमजानचा भागच समजायला हवा होता. प्रश्न त्याच्या पुढचा होता. दार बंद असताना दोस्ती कशी चालू ठेवायची?

सध्या त्याचे सोपे उत्तर प्रत्येकाच्या खिशात आहे. चंद्रकोर, मिनार आणि कंदील असलेले एक चित्र रोज सकाळी दोनशे जणांना पाठवले जाते. पन्नास-साठ जणांकडून हात जोडल्याची खूण परत येते. पगार झाला का, आईच्या गोळ्या मिळाल्या का, हे मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

त्याच मोबाइलवरून दुसरेही काही पुढे ढकलले जाते. मार्चअखेरीस दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि फळवाल्याचे नाव विचारून मगच फळे घ्या, असे सांगणारे संदेश गल्लोगल्ली फिरू लागले. कुठले तरी जुने व्हिडिओ नवे म्हणून दाखवले गेले. मरकजमध्ये कोणाची चूक झाली असेल, तर ती तपासणे कायद्याचे काम होते. पण त्याची शिक्षा आपल्या पेठेत हातगाडी लोटणाऱ्याला का? मुस्लिम मोहल्ल्यांतले ग्रुपही यातून सुटलेले नाहीत. घरोघरी माहिती घ्यायला येणाऱ्या आशाताईंविषयी तिथे नको त्या अफवा पसरल्या आणि काही ठिकाणी त्यांच्या तोंडावर दारे लावली गेली.

हे संदेश अनोळखी माणसांकडून आले असते, तर एक वेळ सोडून देता आले असते. ते वीस वर्षे एका स्टाफरूममध्ये बसलेल्या, एकमेकांच्या मुलींच्या लग्नात राबलेल्या माणसांच्या ग्रुपवर आले. ज्याला ते लागले, तो गप्प बसला. ज्याने पाठवले, त्याला काही लागले असेल याचा पत्ताच नाही. एरवी दुसऱ्या दिवशी दोघे टपरीवर समोरासमोर आले असते. एकाचा उतरलेला चेहरा पाहून दुसऱ्याने 'काय झालं रे?' म्हटले असते आणि अर्ध्या कप चहात विषय मिटला असता. टाळेबंदीत ती टपरी बंद होती. म्हणून लांब राहून मैत्री कशी जपावी, हा विषय तेव्हा वेळ घालवण्यापुरता उरला नव्हता.

लांबून मैत्री जपणे उर्दूच्या वाचकाला नवे नाही. १८५७ नंतर दिल्ली उजाड झाली. मिर्झा गालिब यांचे कित्येक मित्र मारले गेले, कित्येक शहराबाहेर फेकले गेले. बल्लीमारानच्या घरात बसून त्यांनी उरलेल्यांना इतकी मोकळी पत्रे लिहिली, की पत्राचे आपण संभाषण करून टाकले, असे ते स्वतःच अभिमानाने सांगत.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतले आहे. मौलाना अबुल कलाम आझाद यांना ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत अटक करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, ते इथेच. मौलाना भल्या पहाटे, सहरीच्या वेळेला उठत, स्वतः चहा करत आणि आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्र लिहायला बसत. ती पत्रे पाठवण्याची सोय नव्हती. तरी ते लिहीत राहिले. चहाविषयी, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांविषयी, संगीताविषयी. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. ते दुःखही त्यांनी याच मित्रापुढे मोकळे केले. १९४६ मध्ये ही पत्रे 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. कैद आणि टाळेबंदी यांची बरोबरी होणार नाही, पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही मौलानांचे प्रत्येक पत्र एका माणसाला, त्याची आठवण ठेवून लिहिलेले होते. आज उत्तर दोन सेकंदांत येते, तर निदान तेवढे व्हावे.

म्हणजे रोज एकाच मित्राला फोन करावा. वेळ मात्र पाहावी. असर ते मगरिब हा रोजेदार घरातल्या बाईचा सगळ्यांत धावपळीचा वेळ. एका हाताने भजी तळत असताना मैत्रिणीशी मनातले बोलता येत नाही. तरावीह आटोपून दहा वाजले, की घर निवांत होते. ज्याचा मित्र पहाटे दुधाचा रतीब घालायला उठतो, त्याने त्याला सहरीसाठी एक मिस्ड कॉल द्यायला खुशाल सांगावे. पूर्वी मोहल्ल्यात सहरीला उठवणारा हाका देत फिरायचा. ते पुण्य त्या मित्राने मिळवावे.

व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवावा, भरलेला दस्तरखान दाखवू नये. टाळेबंदीत पलीकडच्या मित्राचे दुकान पन्नास दिवस बंद होते, हे विसरून चालणार नाही. त्याला गरज आहे का, हे चारचौघांत विचारू नये. किराणा दुकानदाराला परस्पर सांगून सामान पोहोचवता येते. घरातल्या वडीलधाऱ्यांचेही मित्र असतात, हे तरुणांच्या लक्षात राहत नाही. नातवाने आजोबांच्या जुन्या दोस्ताचा नंबर शोधून फोन जोडून द्यावा आणि खोलीबाहेर जावे. म्हाताऱ्या माणसांनाही एकट्याने बोलायचे असते.

कालवण केले तर त्यात थोडे पाणी वाढवा आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, अशी पैगंबरांची शिकवण आहे. त्यांचे सहकारी अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा 'आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा दिलात का?' असे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारल्याचे हदीसमध्ये आहे. टाळेबंदीत वाटा पोहोचवणे अवघड होते. गल्ली कंटेनमेंट झोनमध्ये असेल तर अशक्यच. मग दरवर्षी शीरखुर्मा खायला येणाऱ्या वहिनींना भाभींनी फोनवरून तो करायला शिकवावा. शेवया तुपावर किती भाजायच्या, दूध किती आटवायचे, चारोळी आणि खारीक कधी टाकायची. ईदच्या सकाळी दोन्ही घरांत एकाच वेळी पातेले चुलीवर असेल. वहिनींचा शीरखुर्मा पहिल्या वेळी बिघडेलही. त्यावर पुढची दहा वर्षे हसता येईल.

आणि शेवटचा फोन, सगळ्यांत अवघड. ज्याच्या फॉरवर्डने मन दुखावले, त्याला करायचा. ग्रुपवर उत्तर देऊ नये. तिथे शंभर जण बघत असतात आणि कोणीच मागे हटत नाही. एकट्याला फोन करून आधी घरच्यांची खुशाली विचारावी, मग म्हणावे, 'तू पाठवलेलं वाचलं. वाईट वाटलं. हे तुला खरं वाटतं का?' बहुतेक वेळा पलीकडे आधी शांतता असेल, मग 'अरे, न वाचताच पुढे गेलं' असे उत्तर येईल. काही वेळा वादही होईल. वाद घालणारे दोघे अजून बोलत असतात; अबोल्यात मात्र मैत्री संपते आणि ती कधी संपली हेही समजत नाही. ज्याने पाठवले, त्याला आठवण झाली तर त्यानेच आधी फोन करावा. रमजानमध्ये माफी मागणाऱ्याला कोणी परत पाठवत नाही.

रमजानचे शेवटचे दहा दिवस तोंडावर होते. चंद्र दिसेल त्याप्रमाणे ईद २४ किंवा २५ मे २०२० ला होणार होती. तेव्हा गळाभेट होणार नव्हती. पण दहा दिवसांत दहा माणसांना फोन करता येणार होता. त्यातले एक नाव असे असावे, ज्याच्याशी बऱ्याच दिवसांत बोलणे झालेले नाही.