छावणीचे नगर

छत्रपती संभाजीनगराजवळ देवगिरीच्या पायथ्याशी एक मोठी राजधानी वसविण्याचा प्रयत्न १३२७ साली झाला. महंमद तुघलकाच्या आज्ञेने दिल्लीची माणसे तेथे आली. पण पुढे सुलतानाचा बेत फिरला आणि पुष्कळजण आल्या वाटेने परतले. ज्यांना परतीची वाटच उरलेली नसते, त्यांची वस्ती मात्र निराळी असते. कल्याणनजीकचे उल्हासनगर हे अशांचे गाव होय.

१९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधील हिंदू कुटुंबे घरदार सोडून मुंबई इलाख्यात आली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेली कल्याणची छावणी तेव्हा मोकळी होती. तेथील बराकींत सुमारे एक लाख लोकांची सोय करण्यात आली. लांबच लांब बराक, मध्ये पडदे लावून केलेले भाग, आणि प्रत्येक पडद्याआड एकेक संसार! काल ज्यांच्या मोठ्या पेढ्या होत्या, त्यांच्या घरी पापड लाटले जाऊ लागले आणि मुले आगगाडीत गोळ्या विकू लागली. ‘शरणार्थी’ हा शब्द त्यांना रुचत नसे. ते स्वतःस ‘पुरुषार्थी’ म्हणवीत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली.

१९२३ च्या करारानंतर तुर्कस्तानातून ग्रीसमध्ये आलेल्या निर्वासितांनीही समुद्रकाठी गावे वसविली. मुदान्या सोडून आलेल्यांनी आपल्या गावास ‘नेआ मुदानिया’, म्हणजे नवे मुदान्या, असे नाव दिले. सिंधूकाठच्या या लोकांच्या नगराला मात्र नाव मिळाले ते इथल्याच उल्हास नदीचे.

या नगराची थट्टा करण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. नकली मालावरील ‘यूएसए’ या अक्षरांचा विनोद कोणी ऐकला नसेल? नकलेचा दोष दोषच. तथापि काहींच्या लबाडीवरून साऱ्या गावाची पारख करणे न्यायाचे नव्हे. त्याहून गंभीर दोष बांधकामांचा आहे. नियम डावलून येथे इतक्या इमारती उठल्या, की त्यांच्यासाठी शासनाला २००६ मध्ये खास तरतूद करावी लागली. आणि २०२१ मध्ये स्लॅब कोसळून माणसे प्राणास मुकली. ज्यांच्या वाडवडिलांनी एकदा छप्पर गमावले, त्यांच्याच डोक्यावर छप्पर कोसळावे, ही गोष्ट विनोदाची खास नव्हे. तिकडे लक्ष देणे हे नगराचे आणि शासनाचेही काम आहे.

दुसरी हानी अशी डोळ्यांत भरत नाही. सिंधी भाषेला १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. पण तिला स्वतःचा प्रांत नाही, आणि सिंधी शाळांतील मुले घटत गेली. भाषा टिकते ती घरात व शाळेत. मराठीचा कैवार घेणाऱ्यांना तरी हे दुःख परके वाटू नये. उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना माणसे ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतात. आजी सिंधीत हाक मारते. नातू ‘आलो’ म्हणतो, पण हिंदीत.