स्टेपनी उलटी, पण किती दिवस?

एकाच दिशेने फिरण्यासाठी घडवलेला टायर स्टेपनीला असेल, तर ती स्टेपनी गाडीच्या एकाच अंगाला सुलटी बसते. दुसऱ्या अंगाला लावली की टायरच्या बाजूवरचा बाण मागे तोंड करतो. चाकच फिरवून बसवावं म्हटलं तर ते जमत नाही. टायर रिमवरून उतरवून पालटावा लागतो आणि ते काम रस्त्याकडेला जॅक-पान्याने होणारं नाही. अशी उलटी स्टेपनी लावावी का, यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. एका मताप्रमाणे टायर फुटेल, गाडी हातात राहणार नाही. दुसऱ्या मताप्रमाणे नक्षी ती नक्षी, तिला कसलं आलंय उलटं-सुलटं! माझं म्हणणं असं की, अडचणीच्या वेळी ती खुशाल लावावी, पण तशीच ठेवून पावसाळा काढणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

टायर फुटण्याची भीती आधी बाजूला ठेवू. हवा भरलेली आणि रबर शाबूत असेल तर केवळ उलट फिरल्याने गाडीचा रेडियल टायर फुटत नाही. कोरड्या रस्त्यावर पकड आणि ब्रेक यांत सहसा जाणवण्याजोगा फरक पडत नाही. आवाज थोडा वाढतो आणि तसंच चालवत राहिलं तर नक्षीच्या ठोकळ्यांच्या कडा वेड्यावाकड्या झिजतात. खरा प्रश्न पाण्याचा. अशा टायरवर इंग्रजी ‘व्ही’सारख्या खाचा असतात. गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर व्हीचं टोक खाली दिसायला हवं, कारण फिरताना तेच आधी रस्त्याला टेकतं आणि पाणी मधून दोन्ही कडांकडे ढकललं जातं. टायर उलटा असला की उघडी बाजू आधी टेकते आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी मधे दाटू लागतं. ताशी 80 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम वीतभर लांब, आणि तेवढी लांबी गाडी एका सेकंदाच्या साधारण शंभराव्या हिश्शात पार करते. एवढ्यात पाणी हटलं नाही तर रबर पाण्यावर चढतं, मग स्टीअरिंग फिरवा की ब्रेक दाबा, ऐकायला रस्ताच उरत नाही. या खाचा निव्वळ दिखाऊ नाहीत, हे त्यांच्या कुळावरूनही कळतं. 1984च्या शेव्हर्ले कॉर्व्हेटसाठी गुडइयरने दिलेला गाजलेला एकदिशी टायर फॉर्म्युला वनच्या पावसाळी टायरवरून बेतलेला होता.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. स्टेपनी बहुधा न वापरलेली, म्हणजे खाचा पूर्ण खोल. गाडीवरचे बाकीचे टायर मात्र अर्धे झिजलेले. मग उलटा नवा टायर सुलट्या जुन्यापेक्षा जास्त पाणी हटवणार नाही का? कित्येकदा हटवेलही. गोटा होत आलेल्या टायरची नक्षी सुलटी असून उपयोग नाहीच, नियमानेही गाडीच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर हवी. पण एका अक्षावरची दोन चाकं पाण्याशी वेगवेगळी वागली, तर साचलेल्या पाण्यात एक आधी तरंगतं आणि गाडी अचानक एकीकडे ओढते. शिवाय न वापरलेला टायर म्हणजे ताजा टायर नव्हे. बाजूवरच्या तारखेचे चार आकडे पाहा: 3517 म्हणजे 2017 सालचा पस्तिसावा आठवडा. इतकी वर्षं डिकीत पडलेलं रबर कडक होतं आणि कडक रबराची ओल्यावरची पकड आधीच कमी असते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: एवढा धोका असेल तर मदत येईपर्यंत थांबावं. हे कागदावर ठीक आहे. द्रुतगती महामार्गाच्या कडेला, पावसात, मागून ट्रक येत असताना तासभर उभं राहणं हे सावकाश चालवलेल्या उलट्या चाकापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं. तात्पुरत्या वापराच्या बारीक स्टेपनीवर ताशी 80ची मर्यादा छापलेली असते; उलट्या टायरलाही तीच लावावी, पावसात त्याहून बरीच खाली यावं आणि साचलेलं पाणी दिसलं की ब्रेक न दाबता आधीच वेग सोडावा. घर किंवा टायरचं दुकान गाठायला एवढं पुरतं. घोळ होतो तो त्यानंतर. गाडी नीट चालतेय म्हणून पंक्चर काढलेलं चाक डिकीत जातं आणि उलटी स्टेपनी पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत जागेवरच राहते. मूळ चाक परत लावायला फार तर अर्धा तास लागतो, हे लक्षात घेता याला सबब नाही.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना कंपनीतून असे टायर येत नाहीत, हे खरं. हौसेने अलॉय आणि रुंद टायर घालणाऱ्यांनाच ही अडचण येते, आणि त्यांना ती दुकानातच टाळता येते. स्टेपनीला त्याच मापाचा, पण दिशेचं बंधन नसलेला टायर घ्यावा. पाचही सारखेच हवे असतील तर स्टेपनी डाव्या अंगासाठी बसवून घ्यावी. आपण डावीकडून चालतो आणि खिळे, काचा कडेलाच साचतात. विक्रेत्याने हे आपणहून विचारायला हवं. सध्या तो फक्त रंग आणि किंमत विचारतो.